मार्चची गाडी आखाजीला आणली

आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली ती पर्यावरणासाठी नाही आणि पेट्रोलच्या भावासाठीही नाही. माझ्या आईला गाडी लागते म्हणून घेतली. लागते म्हणजे कशी, तर एसटीत चढायच्याही आधी, स्टँडवरच्या नुसत्या डिझेलच्या वासानं तिच्या पोटात ढवळायला लागतं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तोंडात लिंबाची फोड आणि मान खाली, हा तिचा प्रवास. त्यामुळे गेल्या नऊ वर्षांत ती यावल सोडून माझ्याकडे जळगावला आलेलीच नव्हती. अंतर किती, तर फार तर दीड तासाचं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या वर्गात बॅटरीचा धडा घेताना एकदा डोक्यात प्रकाश पडला, की अगं, या गाडीला वासच नसतो! त्याच संध्याकाळी फोन केला. आई हसली आणि म्हणाली, "बिनवासाची गाडी? मंग येईन मी. पन तूच चालवजो, जावयाले नको देऊ." हे बाजूलाच बसले होते, त्यांनी ऐकलं आणि पेपर वर धरला.

ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी हिशेब थोडक्यात सांगते. विजेच्या गाडीला जीएसटी पाचच टक्के. शिवाय आम्ही बुकिंग केलं तेव्हा आपल्या राज्यात तिला मोटार वाहन कर माफ होता. बारा लाखांच्या आसपासच्या गाडीला ही माफी लाखाच्या वर जाते. ती धरूनच आमचं गणित बसत होतं. जळगावात आम्हाला हवा तो पांढरा रंग लवकर मिळेना, म्हणून धुळ्याच्या एका शोरूमात नाव नोंदवलं. तिथले इक्बालभाई पंचेचाळिशीचे, केस मेंदीनं लाल, बोलणं सरळ. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"ताई, गाडी आली. या आठवड्यात घेऊन जा. करमाफीची मुदत मार्चअखेर आहे. पुढचं कोणी सांगू शकत नाही."

"आखाजीला घेऊ," मी म्हटलं.

"पाडव्याला घ्या ना मग. तोही मुहूर्तच की."

आता खानदेशाबाहेरच्यांना आखाजी म्हणजे काय ते कसं सांगू? तुमची अक्षय्य तृतीया ती आमची आखाजी, पण आमच्याकडे ती दिवाळीच्या वर. लेकी माहेरी येतात, दारच्या निंबाला झोका बांधतात, आमरस-पुरणपोळी होते. त्या दिवशी जे घ्याल ते घटत नाही म्हणतात. आणि खरं सांगू? मला मुहूर्ताशी फारसं देणंघेणं नव्हतं. मला बावन्नाव्या वर्षी स्वतः गाडी चालवत आखाजीला माहेरच्या गल्लीत शिरायचं होतं. झोक्यावरच्या बायकांनी वळून बघावं एवढीच हौस. इक्बालभाईंनी तीनदा सांगितलं, तेव्हा मी त्यांच्यावर डाफरले, "भाऊ, सरकार दरवर्षीच मुदत वाढवतं. तुम्हाला तुमचं मार्चचं टार्गेट पडलंय!" त्यांना तसं बोलल्याची आजही लाज वाटते.

त्याच आठवड्यात आई फोनवर म्हणाली होती, "दिव्याभवती रंगीत कडे दिसतात मले. डावा डोया ठनकतो." यावलच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि जळगावला मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तिला आपल्या जीपमधून आणायला तयार होता. आई म्हणाली, "त्या धुराड्यात मी बसत नाही. बेबीची गाडी येऊनच राह्यली आखाजीले." बेबी म्हणजे मीच. मीही फोनवर म्हटलं, "हो ना, काही दिवसांचा तर प्रश्न आहे." विज्ञानाची बाई मी!

एप्रिल उजाडला. मुदत संपली आणि नवीन आदेश आला नाही. इक्बालभाईंनी फोन केला, टोमणा मारला नाही. आता कर भरावा लागेल किंवा आदेशाची वाट बघावी लागेल, एवढंच म्हणाले. आम्ही भरायचं ठरवलं. मी आखाजीला दोन बांगड्या करणार होते, ते पैसे त्यात गेले. तेव्हा तरी शहाणं व्हावं की नाही माणसानं? त्याच दिवशी धुळ्याला जाऊन गाडी आणता आली असती. पण मी काय म्हणाले असेन? "सूट गेलीच आहे, आता निदान मुहूर्त तरी साधू." जळ्ळा मेला तो मुहूर्त!

तर आखाजीच्या सकाळी सहाच्या एसटीनं आम्ही दोघं जळगावहून निघालो. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे यांच्यापेक्षा माझा प्रवास निम्म्यात. एरंडोल, पारोळा करत अडीच तासांत धुळे. रस्ता बराच सुधारलाय. पारोळ्याला गाडी थांबली की उतरून चहा घ्या, आलं भरपूर घालतात. समोरच्या सीटवर एक लेक माहेरी निघाली होती, मांडीवर आंब्यांची पाटी. तिचा चेहरा बघून मला उगाच आनंद झाला. त्या दिवसातला तो शेवटचा.

शोरूमात झेंडूची तोरणं, पेढे आणि एकामागे एक चार गाड्यांची पूजा. आमची मागच्या आवारातून आणली. सात आठवडे ती तिथंच उभी होती. धुतली होती, तरी काचेखालच्या खाचेत वाळलेला पाला अडकलेला होता. मी तो बोटानं काढत बसले. चावी देताना इक्बालभाई म्हणाले, "ताई, आईंना बसवा आता आरामात. डोळ्यांचं काय झालं?"

मी त्यांना डोळ्यांचं कधी सांगितलं होतं ते आठवेना. यांनी सांगितलं असणार. "दाखवायचे आहेत, उद्याच," मी म्हटलं.

"अजून दाखवले नाहीत?" ते बोलून गेले आणि मग त्यांनी घाईघाईनं पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

एक गोष्ट लक्षात ठेवा: शोरूममधून गाडी पूर्ण चार्ज करून मागा. आमची तीस टक्क्यांवर होती. म्हणून पारोळ्याकडे न वळता आम्ही नरडाण्याच्या वाटेनं गेलो, तिथं हायवेच्या एका हॉटेलात चार्जर आहे. सोनगीरच्या टोलवर मी ऐटीत म्हटलं, "विजेची गाडी आहे, माफ असेल ना?" खिडकीतला माणूस हसला, "ते तिकडे मुंबईच्या रस्त्याले, ताई." गाडी मात्र चालवायला लोण्यासारखी. आवाज नाही, धक्का नाही. मी सारखी नाकानं हवा ओढून बघत होते. खरंच कसलाच वास नव्हता.

चार्जिंगला सव्वा तास लागला आणि साडेपाचशे रुपये. तेवढ्यात शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, दोघांचे तीनशे चाळीस. शेवभाजी तिथंच खा, पण तिखट कमी करा म्हणून आधी सांगा. हॉटेलच्या बाजेवर बसलेले एक नाना काठी टेकत गाडीपाशी आले.

"हाई गाडी आवाज नही करत?"

"नाही नाना."

"मंग ती येई राहिनी हाई मानूसले कसं समजी?" त्यांनी चाकाला काठी लावून पाहिली. "ज्याले दिसस त्याले ठीक शे. आंधया मानूसनं काय?"

हे हसले. मीही हसले. तेवढ्यात दादाचा फोन आला. म्हणाला, "बेबी, रागावू नकोस. आईचा डावा डोळा दोन आठवड्यांपूर्वीच गेला. मला आज कळलं. आणि चार दिवसांपासून उजव्यानंही नुसता उजेड-अंधार कळतोय. आज आमरसाची वाटी समजून तिनं दिव्यातल्या तेलात बोट घातलं, तेव्हा तुझ्या वहिनीनं पकडलं. विचारलं तर म्हणते, बेबीची आखाजी बिघडली असती."

शेवभाजी तशीच राहिली. मी चार्जरच्या पडद्यावर आकडे बघत उभी. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. पेट्रोल असतं तर ओतून निघाले असते. यांनी खांद्यावर हात ठेवला आणि मी तो झटकला. अमळनेर, चोपडा करत आम्ही यावलला पोचलो त्या रस्त्याचं वर्णन मी करू शकत नाही, मला तो आठवत नाही. शेवटी दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या, एवढं आठवतं.

गल्लीत शिरले. निंबाला झोका होता, बायका होत्या, त्यांनी वळून बघितलंही. आई ओट्यावर नवं लुगडं नेसून बसली होती, हातात घडी केलेली प्लॅस्टिकची पिशवी. मी गाडी तिच्यापासून चार हातांवर उभी केली. ती रस्त्याच्या भलत्याच टोकाकडे तोंड करून होती. मी उतरले आणि समोर जाऊन उभी राहिले. ती वहिनीला म्हणाली, "काव सूनबाई, बेबीची गाडी आली नाही का अजून?"

झोका थांबला. मी खाली बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला, कानातल्या रिंगा चाचपल्या आणि म्हणाली, "आली व माय! आवाजच नाही आला." मग म्हणाली, "रंग कोन्ता?"

"पांढरा."

"चांगला. उन्हाचा तापत नाही." तिनं बॉनेटवर हात फिरवला, कुंकवाचं बोट लावलं. ते हेडलाइटच्या काचेवर लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुसावळमार्गे जळगाव. तापीच्या पुलावरून जाताना मी म्हटलं, "आई, तापी." तिनं दर वेळेसारखे हात जोडले, पण खिडकीच्या नाही, माझ्या बाजूला. उलटी नाही, मळमळ नाही. नऊ वर्षांत मी ज्याची वाट बघत होते ते सगळं जसंच्या तसं झालं. मला गाडी तापीत घालावीशी वाटली.

डॉक्टर तरुण बाई होत्या. बराच वेळ तपासलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून मागची नस सुकलीय. ती परत येत नाही. ठणका थांबवता येईल."

"मार्चमध्ये आणलं असतं तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलावं की नाही, याचा त्या विचार करत असाव्यात. "उजवा बहुतेक वाचला असता," त्या म्हणाल्या.

जळगाव ते यावल सीएनजी रिक्षा जातात हो. तोंडाला रुमाल बांधून, वाटेत दहादा थांबत, ओकत ओकत का होईना, तिला आणता आलं असतं. ओकारीनं कोणी आंधळं होत नाही. हे मला शिकवायला कोणाची गरज नव्हती. बैल गेला आणि झोपा केला, तसं आता पार्किंगमध्ये चार्जरही बसलाय.

याला पाच आठवडे झाले. आई आता आमच्याकडेच असते. करमाफी पुन्हा लागू झाली असं ऐकलंय. मधल्या दिवसांत भरलेला कर परत मिळावा म्हणून यांनी अर्ज केलाय, उत्तर आलेलं नाही. मिळाला काय आणि न मिळाला काय. गाडी उत्तम आहे. तुम्ही जरूर घ्या. फक्त शोरूमचा फोन आला की त्याच दिवशी जा, अमावास्या असली तरी. आणि घरात कोणी म्हातारं माणूस "आखाजीपर्यंत कळ काढते" म्हणालं, तर त्याचं ऐकू नका.

आई मला काही बोलत नाही. एकदाही नाही. उलट शेजारणींना सांगते, माझ्या लेकीनं माझ्यासाठी बिनवासाची गाडी आणली. बोलली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला रडता आलं असतं.

काल डोळ्यातला दाब तपासायला तिला दवाखान्यात नेलं होतं. परत येताना ती नेहमीसारखी मांडीवर पिशवी धरून ताठ बसली होती. घरापाशी मी गाडी उभी केली, पट्टा सोडवला, तिच्या बाजूचं दार उघडलं. ती हलेना.

"आई, उतर. पोचलो आपण."

तिनं मान वळवून कानोसा घेतला, पिशवी चाचपली. "पोचलो?" ती म्हणाली. "अवं, पन निंघालो कव्हा?"