आईचं आफ्रिकेचं प्रस्थान

साठ सालानंतरची चार-पाच वर्षं बेंगळूरमधल्या बऱ्या घरच्या माणसांना आफ्रिकेनं पछाडलं होतं. मी कॅन्टोन्मेंटमधल्या एका ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात टायपिस्ट होते आणि या सगळ्यांचे अर्ज माझ्याच मशीनमधून जात, म्हणून हे मी खात्रीनं सांगते. समोरच्या भिंतीवर सिंहाचं एक मोठं पोस्टर होतं. मॅनेजरांनी ते हौसेनं लावलं होतं. दिवसातून दहा माणसं त्याच्याकडे बोट दाखवून मला विचारत, की हा दिसेल ना?

मी नोकरीला लागले तेव्हा आफ्रिकेला माणूस पोटासाठी जायचा. रेल्वेतला कारकून, शाळामास्तर, कुणाच्या दुकानात हाताशी म्हणून बोलावलेला भाचा. तो गप्प बसून फॉर्म भरायचा आणि बोटीचा वार विचारून जायचा. पुढे चालच बदलली. आधी कॉफीच्या मळ्यांचे मालक बंदुका घेऊन शिकारीला जाऊ लागले. मग बंदूक मागे पडली आणि कॅमेरा आला. जनावर मारण्यापेक्षा त्याचा फोटो काढणं जास्त प्रतिष्ठेचं झालं. मग बोटीला फार दिवस लागतात म्हणून विमान हवं झालं. सरकार नुसत्या सहलीला परकीय चलन देत नव्हतं. तिकडच्या कुणी नातेवाइकानं ‘हे आमच्याकडे उतरतील, खर्च आमचा’ असं लिहून दिलं तरच निघता यायचं. मग काय, ज्याला त्याला नैरोबीत एकेक मामा सापडू लागला. या मामांची नावं भाच्यांना पाठ नसायची, ती मी फॉर्मवरून वाचून दाखवायची. प्रवासाचं कारण या रकान्यात मात्र सगळ्यांचं एकच, फिरायला.

एका निवृत्त कर्नलांना सिंह दिसेल असं ऑफिसच्या कागदावर लिहून हवं होतं. एका बाईंना गुडघ्यांमुळे मोटारीतून उतरायचं नव्हतं, तेव्हा जनावरं रस्त्याच्या कडेला येतात का, हा त्यांचा प्रश्न. एक कुटुंब इडलीचं पीठ वाटायला दगडी रगडा बोटीवर न्यायला निघालं होतं. आणि यच्चयावत सगळे निघायच्या आठवड्यात टोचून घ्यायला धावायचे. पिवळ्या तापाची लस टोचल्यावर दहा दिवस जावे लागतात, तोवर ते टोचल्याचं पुस्तक म्हणजे नुसता कागद. हे मी इंग्रजीत, कन्नडमध्ये आणि मराठीत सांगून थकले. माणसाला सिंहाचं भय वाटतं, दहा दिवसांचं वाटत नाही. संध्याकाळी घरी गेले की माझं डोकं उठलेलं असायचं आणि तो राग मी घरच्यांवर काढायची, हेही कबूल करते.

आमच्या घराला या गावात तीनशे वर्षं झाली. घरी बोलायचं मराठीत, भांडायचं अर्धं कन्नडमध्ये. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते पोस्टातून रिटायर झालेले आणि पंचांगात पूर्ण बुडालेले. माझी थोरली बहीण, अक्का, नैरोबीत होती. तिचा नवरा तिथल्या रेल्वेत होता आणि महिन्यातले पंधरा दिवस लाइनवर असायचा. दोन वेळा तिचं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला अंथरुणावर पडून राहायला सांगितलं, तेव्हा तिचं पत्र आलं. मोठं नव्हतं. घरात करायला बाई आहे, शेजार चांगला आहे, पण आई, या वेळी तू ये, एवढंच.

आईनं पत्र दोनदा वाचलं आणि मला विचारलं, “किती दिवस लागतात ग?” आजवर ती तिरुपतीच्या पलीकडे गेली नव्हती. त्या दिवसापासून मात्र ती अशी वागू लागली, की आफ्रिका म्हणजे बसवनगुडीच्या पुढचा स्टॉप.

तेव्हा मी ठरवलं, की निदान या एका प्रवाशाचं सगळं वेळेवर करायचं. पासपोर्ट, परदेशी जायचा सरकारी परवाना, बोटीतली जागा. टोचून घेणं तर महिनाभर आधीच. मोंबासाची बोट मुंबईहून रविवारी दुपारी सुटणार होती. म्हणून शुक्रवार संध्याकाळच्या गाडीनं मिरजेवरून पुणे, पुण्याहून मुंबई, अशी दोघांची रिझर्वेशन्स केली. अण्णा तिला बंदरापर्यंत पोचवून परत येणार होते. बोट बारा दिवसांत पोचणार आणि अक्काला तेव्हा अजून महिना बाकी राहणार. मॅनेजर म्हणाले, अशी फाइल ऑफिसात आजवर झाली नाही. मी फुशारले.

तिकिटं घरी आली आणि अण्णांनी पंचांग उघडलं. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल. आफ्रिका पश्चिमेला. म्हणजे शुक्रवारी निघणं नाही. मी म्हटलं, गाडी आधी उत्तरेला जाते. ते म्हणाले, गाडी कुठेही जाऊ दे, माणूस कुठे जातो ते बघायचं. मी म्हटलं, मग बोट एक दिवस थांबवायला तार करू का? दुसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली, ती म्हणजे प्रस्थान ठेवायचं. आमच्यात ही रीतच आहे. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाचं काहीतरी फडक्यात बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मग ते घरात परत आणायचं नाही, जाताना वाटेत उचलायचं. बुधवारची सकाळ चांगली निघाली. समोरच्या घरी कन्नड शाळेतल्या टीचर राहत. त्यांनी ‘सरी, बरं, आमच्या देवघरात ठेवा’ असं आनंदानं सांगितलं.

बुधवारी सकाळी मी ऑफिसला निघत होते. आईनं हिरव्या खणात तांदूळ, हळकुंड आणि सुपारी मांडली होती आणि अण्णा घड्याळ बघत उभे होते. आदल्याच दिवशी एका माणसाचा मामा खोटा निघाला होता आणि त्यापायी मॅनेजरांनी मला फैलावर घेतलं होतं. त्या सुपारीकडे बघून माझं पित्त खवळलं. मी म्हटलं, “मोंबासाला सुपारीला कोण विचारतो? प्रवास कागदानं होतो. खरंच प्रस्थान ठेवायचं असेल तर पासपोर्ट ठेवा आणि टोचल्याचं पुस्तक ठेवा.” आणि पर्स उचलून चालू पडले. उत्तर ऐकायला थांबायची मला सवय नव्हती.

शुक्रवारी दुपारी अर्धी रजा टाकून घरी आले. ट्रंका बांधलेल्या, लोणच्याच्या बरण्यांची तोंडं मेणानं बंद केलेली. मी कागद मागितले, एकदा डोळ्यांखालून घालावेत म्हणून. आई शांतपणे म्हणाली, “ते प्रस्थानात आहेत. तूच सांगितलंस ना?”

मी कपाळाला हात लावला. पण अजून काही बिघडलं नव्हतं. समोर जायचं आणि गाठोडं घ्यायचं. गेले तर टीचरच्या दाराला हातभर कुलूप. बाजूच्या घरून कळलं, की सकाळी हेब्बाळहून माणूस आला, टीचरचे दीर वारले, सगळं घर तिकडे गेलं. आमच्या घरी कुणालाच पत्ता नाही, कारण अण्णा आणि आई सकाळभर देवळात.

चार वाजले होते. गाडी साडेसहाची. मी म्हटलं कुलूप फोडू. अण्णा म्हणाले, ज्यांच्या घरी माणूस गेलं त्यांचं कुलूप फोडणार तू? आणि हेही म्हणाले, की त्या घराला आता सुतक आहे, ते प्रस्थान आता चालेल का, बघावं लागेल. त्यांना काय उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही. त्यांना आईला आणि सामानाला घेऊन स्टेशनवर जायला सांगितलं आणि मी हेब्बाळच्या बसमागे धावले.

तेव्हाचं हेब्बाळ म्हणजे तळं, त्याच्या काठची शेतं आणि एक खेडं. बस प्रत्येक झाडापाशी थांबत होती. कंडक्टर खिडकीतून भाजीवाल्या बायकांशी गप्पा मारत होता. मी त्याला दोनदा हटकलं, तर तो म्हणाला, स्वल्प धीर धरा. तो शब्द ऐकून माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. घर शोधावं लागलं नाही, रडण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. माणसं तिरडी बांधत होती. टीचर आत बायकांमध्ये बसल्या होत्या. अशा ठिकाणी जाऊन किल्ली मागायची! मी मागितली. त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या, “पळ, आईला मुलीकडे पोचव.”

परतीची बस आलीच नाही. एका दूधवाल्याच्या बैलगाडीतून थोडं, थोडं चालत, मग एकदाची एक रिक्षा मिळाली. कुलूप काढलं, देवघरातलं गाठोडं छातीशी धरलं आणि स्टेशनवर पोचले तेव्हा फलाट रिकामा होता. आई ट्रंकेवर बसली होती. अण्णा बाजूला उभे होते, हातात दोन तिकिटं. मला बघून ते एकच शब्द बोलले, “शुक्रवार.”

शनिवारच्या गाडीनं मुंबईला सोमवारी पोचता आलं असतं आणि बोट रविवारची. विमानाचं तिकीट आमच्या कुवतीबाहेरचं होतं आणि मॅनेजरांनी सांगितलं, की तेही महिनाभर मिळणार नाही, सगळ्या जागा सहलवाल्यांनी घेतल्या आहेत. म्हणजे मीच ज्यांचे फॉर्म टाइप केले होते त्यांनी. पुढच्या बोटीत जागा सहा आठवड्यांनी मिळाली. अण्णा येईल-जाईल त्याला दिशाशुलाची गोष्ट सांगू लागले. सुतकाच्या घरात प्रस्थान राहिलं म्हणून असं झालं, असंही म्हणू लागले. बिचाऱ्या टीचर आमच्या दारावरून मान खाली घालून जायच्या. मी तोंड उघडलं नाही. आईनंही नाही. गाठोड्यात पासपोर्ट कुणाच्या सांगण्यावरून गेला, हे घरात आम्हा दोघींनाच माहीत होतं, अण्णांनी माझं बोलणं कधी कानावर घेतलंच नव्हतं.

बोटीला दोन आठवडे उरले असताना अक्काचं पत्र आलं. आईच्या चष्म्याची काडी मोडली होती, म्हणून मी मोठ्यानं वाचायला घेतलं. मुलगी झाली. वीस दिवस आधी झाली, लहान आहे, पण दूध पिते. अण्णा देवापुढे साखर ठेवायला उठले. मी पुढे वाचत राहिले. तिच्या घरी काम करणारी बाई दोन रात्री तिच्याजवळ बसली, नवरा लाइनवर होता, डॉक्टर शेवटच्या तासाला आले. मग चार ओळी मी गाळल्या आणि ‘सर्वांना नमस्कार’वर आले.

आई म्हणाली, “मधलं वाच.”

मी म्हटलं, काही नाही, असंच काहीतरी.

“तोंड थांबलं, पण तुझे डोळे ओळींवरून सरकत होते. वाच.”

मी वाचलं. अक्कानं लिहिलं होतं, की मला सारखं वाटत होतं, तू बोटीतून उतरून येते आहेस. दार वाजलं की मी म्हणायची, आई आली. ती बाई मला समजावायची, तिला आपली भाषा येत नाही, तरी ‘आई’ हा शब्द ती आता शिकली आहे.

आईनं डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले नव्हते. तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि म्हणाली, “तू बोललीस रागानं. ठेवले मी. मला कळायला नको होतं? इतकी वर्षं तुझा राग बघते.”

मला तिचा इतका संताप आला, की सांगता येत नाही. एवढा मोठा दोष माझा, आणि तोसुद्धा तिनं मला धड घेऊ दिला नाही.

पण तिचा परवाना त्या पहिल्या बोटीच्या तारखांचा होता. तो नवीन काढायला हवा होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून कोरा फॉर्म घरी आणला. वय, धर्म, राहण्याचं ठिकाण सगळं भरलं आणि प्रवासाचं कारण या रकान्यापाशी थांबले. पहिल्या फॉर्मवर मी टाइप केलं होतं, मुलीच्या बाळंतपणासाठी. मी आईला विचारलं, इथे काय लिहू.

ती बाळाचं टोपडं विणत होती. तिनं वर न बघता सांगितलं, “बाळंतपण तर झालं तिचं. तू ते बाकीच्यांच्या फॉर्मवर लिहितेस ना, तेच लिही. फिरायला.”