उजवा कौल

आमच्या ह्यांना फोनवरच्या गेमने बरं वाटायला लागलं, हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक हसतात, आणि हसणाऱ्याला चार शब्द सुनावल्याशिवाय मला राहवत नाही.

डिचोलीजवळच्या खाणीवर ह्यांनी वीस वर्षं ट्रक चालवला. खाण बंद पडली, ट्रक विकला, आणि हे दारापुढच्या ओट्यावर, बाल्कांवावर, बसले ते बसलेच. आधी बोलणं गेलं, मग जेवण, मग आंघोळ. एकदा बंद खाणीच्या खंदकापाशी शेजाऱ्यांना सापडले. त्या खंदकात आता पाणी भरलंय, हिरवं, आणि खोल किती ते कुणालाच ठाऊक नाही. तिथे काय करत होता विचारलं, तर म्हणाले, बघत होतो. त्या दिवसापासून मी दर थोड्या वेळाने बाल्कांवावर डोकावू लागले. मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. फरक पडला, पण फार नाही.

मग मुलीने जुन्या फोनवर ट्रकचा गेम घालून दिला. घाटाची वळणं, माल भरणं, ट्रक मागे घेऊन लावणं. पहिले काही दिवस ह्यांनी फोन नुसता हातात धरला. आठवड्याभराने आतून आवाज आला, ‘येऊं दी, येऊं दी... बस!’ ट्रक मागे घेताना क्लीनर मागून घालतो ती हाक. ह्यांचा असा मोकळा आवाज मी दीड वर्षाने ऐकला. चुलीवरचं आधण तसंच ठेवून मी रडले.

हळूहळू आंघोळ सुरू झाली. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराशी सकाळी हुज्जत सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सोडू नका, आणि ठरावीक वेळ खेळू द्या. मी एकदा ह्यांना विचारलं, ह्या खेळात मिळतं तरी काय? फोनवरून नजर न काढता म्हणाले, ‘ह्यात ट्रक दरीत गेला तरी परत सुरू करता येतो गो.’

एवढं ऐकल्यावर गप्प बसायचं की नाही? पण मला मेलीला लोकांची लाज. त्यात धारगळहून माझा भाऊ आला. त्याच्या जवळच मोपाला विमानतळ झाल्यापासून ह्याला जगातलं सगळंच कळायला लागलंय. पन्नाशीचा माणूस फोनशी खेळतो, हे दारूसारखंच व्यसन, म्हणाला. देवाला विचार.

आम्ही देवळात कौल घ्यायला गेलो. मूर्तीला पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घालण्याआधी गुरवाने विचारलं, काय विचारू? मागे गावातल्या चार बायका कान देऊन उभ्या. ‘गेम’ हा शब्द काही तोंडातून निघेना. मी म्हटलं, ‘घरचं माणूस ह्यातून सुटेल का, एवढंच विचारा.’

उजवी पाकळी पडली. लगेच पडली. भाऊ खूश. घरी येऊन मी फोन कपाटात ठेवला आणि कुलूप घातलं. ह्यांनी तो मागितलासुद्धा नाही. तिथेच मला कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी बाल्कांव रिकामा दिसला. मी अनवाणी खंदकाकडे धावले. काठावर ह्यांच्या चपला होत्या, देवळाबाहेर काढतात तशा, जोडीने. हे खाली उतारावर, पाण्याकडे तोंड करून बसलेले. पायाखालची लाल माती सुटून पाण्यात पडत होती. दोन्ही अंगठे मांडीवर हलत होते, फोन हातात असल्यासारखे.

नवऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नाही, तेव्हाही तोंडात आलं नाही. ओरडले तर दचकतील ही भीती. मग तोंडात आली ती क्लीनरची हाक.

‘येऊं दी,’ मी म्हटलं. ‘मागे येऊं दी. येऊं दी.’

हे पाण्याकडेच बघत, बसल्या बसल्या मागे सरकायला लागले. वीत वीत. माझ्या पायांना टेकले तेव्हा मी ‘बस’ म्हटलं आणि ह्यांचा सदरा दोन्ही मुठींत धरला.

फोन परत दिला. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. पुन्हा आंघोळ, पुन्हा पोदेराशी भांडण. मी भावाशी बोलणं टाकलं.

महिन्याने शेजारचे आजोबा गेले. बरेच दिवस अंथरुणावर होते. मी भेटायला गेले तर त्यांची सून म्हणाली, ‘सुटले बिचारे.’ मी तिथूनच उठले. माणूस गेल्यावरही लोक ‘सुटला’ म्हणतात, ते मला का आठवलं नव्हतं? देवाला मी काय विचारून आले होते?

तशीच गुरवाकडे गेले. म्हटलं, माझा प्रश्न चुकला, बदलून विचारा. तो म्हणाला, ‘बाये, मिळालेला कौल मागे फिरत नाही.’

आता हे आत खेळतात आणि मी बाहेर कान देऊन बसते. हाक चालू असते तोवर माझं काम चालू. हाक थांबली की हातातलं टाकून मी आत धावते. बहुतेक वेळा डोळा लागलेला असतो.

मी हे लिहितेय तेवढ्यात हाक थांबलीय. बघून येते.