सात मिनिटांचा खेळाडू

अबुधाबीला बहिणीकडे, सुनीताकडे, निघालो तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा कांदा-लसूण चटणीच जास्त होती. एक पिशवी वाटेत फुटली आणि माझे सगळे शर्ट कोल्हापूरचा वास घेऊन उतरले. बरंच झालं. त्या थंडगार विमानतळावर तेवढंच ओळखीचं होतं.

भाचा ईशान बारावीत. अमेरिकेतल्या दोन कॉलेजांनी त्याला फुटबॉलसाठी बोलावलं होतं आणि आठवडाभरात एकाला होकार कळवायचा होता. घरात दुसरा विषय नव्हता. त्यानं लॅपटॉपवर तक्ताच मांडला होता. तिकडे कॉलेजांच्या कॉन्फरन्स (खेळापुरते गट) असतात. आपल्या गटात सगळेच एकमेकांना हरवतात. गट खरा किती तगडा, हे बाहेरच्यांशी सामने झाले की कळतं. एक कॉलेज बलाढ्य गटातलं होतं, दुसरं साध्या.

"मामा, स्ट्राँग कॉन्फरन्सच ना? यू प्लेड फॉर द बेस्ट टीम."

"अर्थात," मी म्हणालो. आमच्याकडे कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात. त्यातल्या सर्वांत तगड्या संघात मी तीन वर्षं होतो, हे त्याला लहानपणापासून ऐकवत आलो होतो.

रविवारी आम्ही दोघं मुसफ्फाला, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या भागात, गेलो. माझा जुना दोस्त शिवा तिथल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा फोरमन आहे. शेडमागे रेतीचं मैदान, गोलपोस्ट म्हणून रिकामे ड्रम, आणि पन्नाशीतला शिवा अजून गोलकीपर! मॅच सुरू व्हायची होती. त्यानं आधी करक (दुधाचा कडक चहा) हातात दिला.

"हा कमकुवत संघात गेला होता," मी ईशानला सांगितलं.

"गेलो की. धा वर्षं खेळलो. लई हरलो, पण खेळलो," शिवा हसला. "तुझ्या मामाची जर्सी मात्र तीन वर्षांत मळली न्हाई. कायम बाकावर."

ईशानला हे ठाऊक असेल, असंच शिवाला वाटलं होतं.

"मामा? यू नेव्हर प्लेड?"

माझे कान तापले. थाप मारायची सवय होती, पण समोर शिवा होता.

"एकदा. शेवटची सात मिनिटं."

"खलास (संपलं), सोड आता," शिवा म्हणाला. "पोरा, यल्ला (चल), बूट घाल. आमचा एक गडी कमी हाय."

ईशान दिवस मावळेपर्यंत रेतीत खेळला. मी पुन्हा कडेलाच. पेठेतलं मैदान, तो बाक, मांडीवरची कोरी जर्सी, सगळं आठवून गलबलून आलं.

कोल्हापुरात पोचल्यावर त्याचा मेसेज आला, तेव्हा मी मैदानाच्या पायरीवर बसलो होतो. तक्त्याचा फोटो होता. त्यात नवा रकाना: पहिल्या वर्षी खेळायला मिळतील ती मिनिटं. साध्या गटातल्या कॉलेजापुढे खूण होती. खाली आणखी एक ओळ होती: मामा, सात.

आधी वाईट वाटलं, मग हसू आलं. त्या तीन वर्षांतलं फारसं काही आता आठवत नाही. त्या सात मिनिटांतला एकेक पास मात्र मला अजून सांगता येतो.