गजाला चार बोटं

मी बंदी असलेली पत्रकं लिहायचो आणि पत्र्याच्या आगगाड्याही करायचो. याचं लोकांना हसू यायचं. हसोत. डबे जोडू नयेत असा हुकूम तेवढा निजामाच्या रियासतीत अजून निघाला नव्हता.

माझा दोस्त जालन्याच्या मालधक्क्यावर कारकून, पण वेळेला पोतीही उचलायचा. गावातच मस्तगडला एका खोलीत राहायचा. तिथे आम्ही दोघांनी मिळून एक गाडी करायला घेतली. घासलेटच्या डब्याचा पत्रा, चाकांना दोऱ्याची रिळं, रुळांना छत्रीच्या काड्या, इंजिनाच्या पोटात गजराच्या घड्याळाची कमान. भांडण एकच, गाडी केवढी करायची. मला मोठी हवी. "या मुलखाला लहान होऊन राहायची सवयच लागली," मी म्हणायचो. तो म्हणायचा, "मोठी गाडी नुस्ती दिसती. लहान गाडीत बसता येतं."

शेवटी तडजोड झाली. खऱ्या लायनीच्या एका गजाला आपली चार बोटं, हे माप. रूळ त्याने टाकायचे, इंजिन मी करायचं.

मंग त्याची सिकंदराबादेला बदली झाली. उद्या खोली सोडायची, आणि त्याआधी गाडीची एक फेरी त्याला पाहायची होती. दुपारी मी इंजिन घेऊन गेलो. खोलीभर फळ्यांवर रूळ, कडेला कापसाची शेतं, पालथ्या तव्याचा डोंगर, त्यावर खिडकीतलं पिवळं ऊन. मी इंजिन ठेवलं. ते दोन रुळांच्या मधे पडलं.

चार बोटं दोघांनीही बराबर मोजली होती. पण त्याची बोटं पोती उचलणारी, माझी टाक धरणारी.

"बोट कोणाचं ते आधी ठरवायला नको?" मी भडकलो. "ज्याचं बोट त्याचं माप, ज्याचं माप त्याचं राज्य—"

"भाषण कामून करून राह्यला? पक्कड दे."

आणि तो पहिला खिळा उपटायला बसला. महिनाभराचं त्याचं काम. माझी मलाच लाज वाटली. त्याच्या हातातली पक्कड ओढून घेतली, माझ्याच इंजिनाचं डाख देऊन जोडलेलं पोट उचकटलं, आणि चाकांना बांबूच्या कामटीचा लांब आस घातला.

पोट उघडं टाकून इंजिन निघालं. आम्ही दोघं जमिनीला गाल लावून पडलो. कापूस हलला. डोंगरामागून धूर येतोय असंच वाटलं.

"परतूर टेसन गेलं," तो पुटपुटला.

तिसऱ्या फेरीला कमान संपली. त्याने पुन्हा चावी दिली न्हाई. लांबच्या प्रवासात उतारू फलाटावर पाय मोकळे करायला उतरतो तसा तो सावकाश उठला, आणि उंबऱ्यात जाऊन उभा राहिला.