कूलरच्या टाकीतलं तिरपं पाणी

माझ्या बापानं इथंच नागपुरात दीक्षा घेतली, तवापासून आमच्या घरात भूत, करणी, अंगात येणं सगळं बंद. मीही मानत नाही. आजही नाही. रस्त्यात उतरवलेला लिंबू दिसला तर मी मुद्दाम त्याच्यावर पाय देऊन जातो. शिक्षण चौथीपर्यंत आहे, पण डोकं ठिकाणावर आहे, एवढं समजून घ्या अन् मग पुढचं वाचा. हे मी स्वतः लिहून राहिलो. सून फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहते.

राहतो मनीषनगरले. उमर गेली टोचन करण्यात. मौद्याच्या रोडवर ट्रक बंद पडला की लोकं मलेच बोलवत. आपल्या गाडीले साखळी लावायची अन् ओढून आणायचा. चढावर साखळी करकरली, मागचा ट्रक उलटा खेचू लागला, तरी मी एकही गाडी रस्त्यात सोडली नाही. त्याचा मले गर्व आहे अन् राहीन.

माझा पोरगा संघपाल तेच काम समुद्रात करते. टग म्हणून छोटी पण ताकदीची बोट असते, ती मोठ्या जहाजाले, बिनइंजिनाच्या माल वाहणाऱ्या बार्जले दोरानं ओढते. दोर ज्या हुकात अडकवतात, तो हूक याच्या ताब्यात. कोणी विचारलं की मी छाती काढून सांगतो, "पोरगं समुद्रावर टोचन करते!"

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपार… बाहेर नुसती आग. जेवून मी कूलरसमोर खाटेवर बसलो होतो, सून शीतल आत भांडे घासून राहिली होती. संघपालचा फोन आला. आवाज उतरलेला.

"बाबा, मालकाचा माणूस म्हणते आजच बार्ज ओढून आणा. टगच्या सर्टिफिकेटची तपासणी बाकी आहे, सर्व्हेअर उद्या येते. कॅप्टन म्हणते, कागद नंतर होतीन."

"मंग जा ना गा. अडलं कुठं?"

"हुकात अडलं. दोराले ताण असला तरी हूक एका झटक्यात उघडला पाहिजे, लाईट गेली तरी उघडला पाहिजे, असा नियम आहे. तो उघडून पाहिल्याशिवाय मी दोर लावत नाही म्हटलं. कॅप्टन म्हणते, विचार कर, नाहीतर तुझ्या जागी दुसरा माणूस पाहतो."

मले नियम-बियम ऐकूच आला नाही. मले एकच ऐकू आलं… माझं पोरगं टोचन सोडायची भाषा करून राहिलं.

"पण सोडायचं काहून? सोडणारा टोचनवाला असते का?"

"सडकेवर ट्रक रुसला तर जागीच उभा राहते, बाबा. समुद्रात बार्ज आडवी पळाली तर त्याच दोरानं टगले आडवी पाडते. सावरायले वेळ भेटत नाही. तवा सोडता आलं पाहिजे."

"भेव वाटते असं सरळ सांग! बापाचं नाव घालवतं…"

मग म्हणे, "ठीक आहे बाबा. जातो मी." फोन कट.

मी मनात म्हटलं, बरं झालं, शुद्धीवर आला. तेवढ्यात कूलरची मोटर कोरडी घरघरायले लागली. हवा गरम झाली. टाकी तर मीच सकाळी पाईप लावून काठोकाठ भरली होती. उठलो, बाजूची जाळी काढली.

पाणी तिरपं होतं.

कसं सांगू… उजव्या बाजूले पाणी पार काठाले टेकलेलं, अन् डाव्या कोपऱ्यात, जिथं मोटर असते, तिथं टाकीचा पत्रा उघडा. मधात एक सरळ तिरपी रेघ. पाणी हलत नव्हतं, सांडत नव्हतं. तसंच उभं होतं.

"शीतल, इकडं ये वं!"

ती ओल्या हातानंच आली. वाकून पाहिलं. "बाबा, स्टँडचा पाय खचला असन."

पाय पाहिले, चारही पक्के. तरी तिनं पाण्यानं भरलेला गिलास आणून कूलरच्या डोक्यावर ठेवला. गिलासातलं पाणी एकदम सपाट. खाली टाकीतलं तिरपं. ती माझ्याकडं पाहून राहिली अन् हळूच म्हणे, "हे असं तर बोट कलंडल्यावर तिच्यातल्या पाण्याचं होते ना?"

मीच फोन लावला. उचलला नाही. परत लावला.

"काय बाबा? दोर घेऊन राहिलो."

"नको लावू."

"आँ? मघाशी तर तुम्ही…"

"मघाशीचं सोड! आताचं ऐक. हूक उघडून पाह्यल्याशिवाय दोर लावायचा नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, घरी ये. मी आहो ना."

तिकडं दोर खाली टाकल्याचा आवाज आला. "बरं बाबा. नाही लावत."

वळून पाहतो तर टाकीतलं पाणी सपाट, मोटर पाणी फेकून राहिली होती. फक्त आतल्या पत्र्यावर ओली तिरपी खूण. शीतलनं तिच्यावरून बोट फिरवलं. उन्हाळा असा, की पाहता पाहता वाळून गेली.

त्या दिवशी कॅप्टननं संघपालले लय बोल लावले, पण टग काही निघाली नाही. दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला. दोर धक्क्यावरच्या खुंट्याले बांधला, टगनं ताण दिला अन् हूक सोडायचा दांडा ओढला. दांडा आला खाली, हूक तसाच बंद. वरून रंग चकचकीत, आत गंज. नवा बसला, तवा सर्टिफिकेट भेटलं. बोल लावणाऱ्या कॅप्टननंच मग संघपालले चहा पाजला म्हणते.

आमचे शेजारी मास्तर म्हणतात, तुम्हाले पोराची काळजी होती म्हणून भास झाला. मी म्हटलं, मास्तर, काळजी मले कुठं होती? मी तर त्याले हाकलून राहिलो होतो. अन् भास दोघाले सारखा होते का? तरी कोणाले भास म्हणायचंच असन, तर माझ्या सुनेसमोर येऊन म्हणा. ती भांडायले बसलीच आहे.

मले खटकते ते वेगळंच. लोकं सांगतात, कुठं अपघात झाला अन् त्याच वेळी घरच्यांले कळलं. चला, मानू एक वेळ. पण इथं तर काहीच झालं नाही! बोट त्या दुपारी धक्क्याले सरळ उभी होती. कलंडली नाही, कोणी पाण्यात पडलं नाही, पोरगं सुट्टीवर येऊन पोटभर जेवून गेलं. मंग जे झालंच नाही, त्याचं पाणी माझ्या टाकीत कसं उभं राहिलं?

मी हट्टी माणूस, उत्तर नसलं तरी देतो. याचं मात्र माझ्यापाशी नाही.