आमची ओळ तेवढी झाकली

झरीजवळच्या आमच्या गावात दूध डेअरीचा कॉम्प्युटर मी सांभाळते. दूध मोजायचं, फॅट आणि डिग्री काढायची, नोंद करायची. चेअरमनला शहरासारखा झगमगाट हवा होता, म्हणून त्यांनी बाहेरच्या भिंतीवर टीव्ही लावला आणि डेअरीच्या डॅशबोर्डला रंगीत तक्ते दाखवणारं एक एक्स्टेन्शन जोडायला मला सांगितलं. जोडताना त्यानं परवानगी मागितली. नुसती गावाची बेरीज द्यायची, की नावानिशी सगळा डेटा? मी वाचलं न वाचल्यासारखं केलं आणि 'सगळा' दाबलं. दारात आलेल्याला, कुठवर आत येणार, असं आपण विचारतो का? विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घराघराचं दूध टीव्हीवर नावानिशी झळकलं. ज्याची डिग्री कमी, म्हणजे दुधात पाणी, त्याची ओळ लाल. आणि लाल ओळीत माझ्या सासऱ्यांचं नाव.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, गाव आप्पा म्हणतं. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय ते दुधाच्या कॅनला हात लावत नाहीत. गावात कुणाचं भांडण निघालं की निवाडा त्यांनीच करायचा. डिग्री का कमी लागली ते मला पक्कं ठाऊक होतं. सासूबाई माझ्या लेकीसाठी तांब्याभर दूध काढून ठेवायच्या आणि कॅनमध्ये तेवढंच पाणी ओतायच्या. मामांना याचा पत्ता नव्हता. मी मात्र रोज बघायची आणि गप्प बसायची, कारण दूध माझ्याच लेकीच्या पोटात जात होतं.

त्या सकाळी मामा अजून रस्त्यावरच कुणाशी तरी बोलत थांबले होते. टीव्हीपुढं जो तो आपापलं नाव शोधत होता. एक्स्टेन्शनची परवानगीच काढून घेतली असती तर सगळ्यांची नावं गेली असती, पण चेअरमनला कारण सांगावं लागलं असतं. मी शहाणपणा केला. फिल्टर लावून आमची ओळ तेवढी झाकली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. लाल ओळ कदाचित कुणी वाचलीही नसती. नसलेली ओळ सगळ्यांनी वाचली.

"आप्पाचं नाव कुटं गेलं?" एकानं विचारलं.

"सून बसलीय की मशीनवर. पानी घालायलेत जनू," दुसरा म्हणाला, आणि लोक हसले.

तेवढ्यात ते बोलणं ऐकतच मामा आत आले, मागोमाग चेअरमन. चेअरमननी त्यांच्यादेखत मला विचारलं, "बाई, आप्पाचं नाव तुमी काडलं का?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं दिसलं असणार.

"तिला कशाला इचारायलाव?" मामा म्हणाले. "मीच सांगितलं तिला, माजं नाव काड म्हनून. पानी बी मीच घातलं."

"आप्पा, तुमी? लिंगाची आन घिऊन सांगा," चेअरमन म्हणाले.

मामांचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला आणि तिथवर न पोचताच खाली आला. खोट्यासाठी आण घेणं त्यांना जमलं नाही. लोकांना वाटलं, पाणी घालणारा हात लिंगाला लावायची लाज वाटली. तेव्हा मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. अजून त्याची लाज वाटते.

त्याच दुपारी मी एक्स्टेन्शनला फक्त बेरजेपुरती परवानगी ठेवली. आता टीव्हीवर गावाचं एकूण दूध दिसतं, नाव कुणाचंच नाही. घरी मामांनी मला की सासूबाईंना एका शब्दानं विचारलं नाही. सासूबाई माझ्या लेकीसाठी दूध आता उघड काढतात आणि कॅन तेवढा कमी भरतो. निवाड्याला मात्र मामांना कुणी बोलवत नाही.

रोज सकाळी ते कॅनचं झाकण स्वतः उघडतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "माय, नीट तपास." मी तपासते. डिग्री चांगली लागते. मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणतं, "सुदारले आप्पा."

मामा मान डोलावतात. मी पडद्यावरची नजर वर करत नाही.