थेंबभर जास्त

अख्ख्या सांगलीत नातवाला खेळवता खेळवता एम.एस्सी. केमिस्ट्रीचा अभ्यास करणारा माणूस एकच, आणि तो माझ्या शेजारच्या दुकानात हळद विकतो. दुसरा कोणी असेल तर त्याने पुढे यावं. माझ्या स्टेशनरीच्या दुकानातून दोन डझन वह्या त्याला फुकट देईन. माझी खात्री आहे, वह्या वाचणार आहेत.

बी.एस्सी. आम्ही दोघांनी बरोबरच केली. मी काठावर, तो पहिल्या वर्गात. त्याने एम.एस्सी.ला नाव घातलं आणि चार महिन्यांत त्याच्या अब्बांना अर्धांगवायू झाला. याला दुकानात बसावं लागलं आणि ते बसणं तीस वर्षं चाललं. मग थोरल्या मुलाने दुकान हातात घेतलं, आणि हा त्याच उन्हाळ्यात साताऱ्याच्या एका कॉलेजात प्रवेश घेऊन आला. सोमवार ते शुक्रवार साताऱ्यात बहिणीकडे, शनिवार-रविवार सांगलीत. नातेवाइकांनी त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या भाभींना, हळूच विचारलं, "काय भांडणबिंडण झालंय का?" भाभी म्हणाल्या, "भांडायला माणूस घरात तर पायजे."

शनिवारी घरी आला की तो सगळ्या घराचा वर्ग घ्यायचा. जेवताना मीठ मागायचा नाही, 'सोडियम क्लोराईड' मागायचा. एकदा भाभींनी शांतपणे साखरेचा डबा पुढे सरकवला. रविवारी दुकानात बसला की हळदीच्या पुड्यांवर बेंझिनचे षटकोन काढायचा. कवठे महांकाळच्या एका गिऱ्हाइकाला ते दुकानाचं मार्क वाटलं आणि पुढच्या खेपेला त्याने बिनषटकोनाची पुडी परत केली. म्हणाला, "ही डुप्लिकेट हाय." कॉलेजचा पांढरा एप्रन हळदीच्या हातांनी घडी करून करून पिवळा पडला होता. भाभींनी त्याला साबण लावला आणि सगळे डाग लालभडक झाले. भाभी घाबरल्या, हा मात्र ओला एप्रन घेऊन माझ्या दुकानात आला. "बघ गड्या, हळदीला साबणातला आम्लारी कळतो. तुला कळतो का?" मला कळत नव्हता. पुतण्याच्या लग्नात हळद लावायला गेला, तर नवरदेवाचा एक गाल माखून झाल्यावर याला हळदीतल्या कुरकुमिनची रचना समजावून सांगायची हुक्की आली. नवरदेव पाऊण तास अर्धा पिवळा, अर्धा सावळा बसून होता.

कॉलेजात तो पहिल्या बाकावर. पोरं त्याला काका म्हणत आणि त्याच्या पिशवीतले शेंगदाणे मुक्तपणे खात. शिकवणाऱ्या मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या. त्या वर्गात आल्या की हा सगळ्यांत आधी उठून उभा. "काका, बसा हो." "आवं मॅडम, तुमी उभ्या असताना आमी कसं बसायचं?" शेवटी पहिले काही दिवस मॅडमनीच खुर्चीत बसून शिकवलं.

पेपरात त्याला तोड नव्हती. घात केला तो प्रॅक्टिकलने, आणि त्याला कारण त्याचा उजवा हात. ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून खालच्या चंबूत थेंब थेंब सोडायचा, रंग फिकट गुलाबी झाला की त्याच थेंबाला थांबायचं आणि आकडा लिहायचा. पण या हाताला अब्बांनी वेगळंच वळण लावलेलं. काटा सरळ झाला की वर चिमूटभर हळद घालायचीच. अब्बा म्हणायचे, "मापाएवढं समदेच देत्यात. चिमूट आपली." तीस वर्षं त्या हाताने चिमूट घातली होती. गुलाबी रंग आला की तो आणखी एकदोन थेंब सोडून मोकळा व्हायचा आणि चंबूत नवरीच्या शालूसारखा राणी रंग. मॅडम म्हणायच्या, "काका, हे जास्तीचं कुणासाठी घालताय?" हा म्हणायचा, "हाताला इचारा मॅडम. माजं ऐकत न्हाई त्यो."

परीक्षेत तो नापास झाला. मुलगा म्हणाला, "अब्बा, अजून एकदा बसा. ह्या खेपेलाबी न्हाई झालं तर मात्र दुकानात या. मला एकट्याला झेपंना." बोलणं रास्त होतं. याने मान डोलवली. पुढचे दोन दिवस मीठसुद्धा मीठ म्हणूनच मागितलं.

दुसऱ्या खेपेला मी त्याच्याबरोबर साताऱ्याला गेलो. प्रयोगशाळेच्या उघड्या दारासमोरच्या बाकावर बसलो. आत बाहेरून आलेले परीक्षक, चेहरा आम्लात बुडवून वाळवल्यासारखा. आमच्या गड्याने ब्युरेट भरली, एक चंबू खाली ठेवला आणि दुसरा रिकामा शेजारी. रंग फिकट गुलाबी झाला. त्याने तोटी बंद केली, आकडा लिहिला, मग रिकामा चंबू नळीखाली सरकवून त्यात सावकाश दोन थेंब सोडले. चेहऱ्यावर गिऱ्हाईक खूश होऊन गेल्याचं समाधान. असं तीनदा.

परीक्षक जवळ आले. "हा दुसरा चंबू कशाला?"

"साहेब, ह्यात वरचं हाय."

"वरचं म्हणजे?"

"हळदीचं दुकान हाय आमचं. माप झालं तरी हात थांबत न्हाई. म्हटलं, त्याला दुसरीकडं जागा करून द्यावी."

परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. "आकडा लिहिल्यावर सोडता ना? आधी नाही?"

"आधी माप, मग चिमूट. उलटं कसं चालंल साहेब?"

परीक्षकांनी वहीतले तीन आकडे पाहिले. तिन्ही सारखे. त्यांनी सही केली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. जाताना मान जरा जास्तच खाली घातली होती.

तो पास झाला, हे आताच सांगून टाकतो. महिन्याने निकाल लागला, पेढे वाटले, मुलाने त्याला उचलून घेतलं. पण मला आठवते ती त्याच दुपारची गोष्ट. परीक्षा आटोपून पोरं बाहेर पडली होती. हा मोरीशी उभा राहून काचसामान विसळत होता. परीक्षेचा चंबू त्याने झटक्यात धुतला. दुसरा मात्र हातात धरून राहिला. तळाशी मोजून सहा थेंब.

मी दारातून म्हटलं, "ओत की गड्या. एसटी जाईल."

"ओततो रं," तो म्हणाला. "ही चिमूट अब्बांची. ते कॉलेजात कवा आलेच न्हाईत. माजं नाव घालायलाबी मला एकट्यालाच धाडलं हुतं."

मग त्याने चंबू हळूच कलंडवला, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तसाच धरून ठेवला. एसटी गेली. आम्ही पुढच्या गाडीने सांगलीला आलो.